सॅटेलाइट फोनवरून मदत कशी मागायची

दुर्गम भागात जाणारी मंडळी सॅटेलाइट फोन भाड्याने घेतात, सॅकच्या तळाशी टाकतात आणि 'असलेला बरा' म्हणून निघतात. बहुतेकांना तो वापरायची वेळ येत नाही, हे त्यांचं नशीब. ज्यांच्यावर ती येते त्यांची पहिली दहा मिनिटं अँटेना कशी उघडायची, देशाचा कोड लावायचा की नाही आणि फोन नेमका कुणाला करायचा, यातच जातात. ही दहा मिनिटं वाचवता येतात, पण त्यासाठीचं निम्म्याहून जास्त काम निघण्याआधीच उरकावं लागतं.

आधी नेटवर्क ठरवा, मग फोन

भाड्याने देणारा तुम्हाला हँडसेट दाखवेल. तुम्ही आधी विचारा, नेटवर्क कुठलं?

इरिडियमचे ६६ उपग्रह जमिनीपासून सुमारे ७८० किलोमीटर उंचीवर, ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षांमध्ये फिरत असतात. ते आपसात बोलतात, म्हणजे तुमचा आवाज एका उपग्रहावरून दुसऱ्यावर जात जात जमिनीवरच्या केंद्रात उतरतो. त्यामुळे ध्रुव, भरसमुद्र, वाळवंट असं कुठेही हे नेटवर्क मिळतं. मात्र एकेक उपग्रह तुमच्या आकाशातून दहाएक मिनिटांत निघून जातो आणि कॉल पुढच्या उपग्रहाकडे सोपवला जातो. ही सोपवासोपवी कधीकधी फसते आणि बोलता बोलता कॉल तुटतो. फोन बिघडला असं समजू नका, पुन्हा लावा.

इन्मारसॅटचे उपग्रह विषुववृत्ताच्या वर ३५,७८६ किलोमीटरवर असतात आणि जमिनीवरून पाहिलं तर एकाच जागी थांबल्यासारखे असतात. एकदा दिशा सापडली की कॉल सहसा स्थिर राहतो. पण ध्रुवांजवळ हे उपग्रह क्षितिजाखाली जातात, तिथे या फोनचा उपयोग नाही. थुरायाचंही तंत्र असंच आहे, फक्त त्याचं क्षेत्र मर्यादित आहे आणि उत्तर व दक्षिण अमेरिका त्यात येत नाहीत. शिवाय एप्रिल २०२४ मध्ये थुराया-३ हा उपग्रह बिघडला आणि आशिया-पॅसिफिकमधल्या मोठ्या भागातली सेवा बंद पडली. थोडे उपग्रह असलेल्या सेवेत एक गेला तर काय होतं, याचा हा नमुना. म्हणून जुन्या नकाशावर विसंबू नका, आज तिथे सेवा चालू आहे का हे विचारून घ्या. ग्लोबलस्टारचा उपग्रह आवाज फक्त खाली परतवतो, त्यामुळे त्याच्या नजरेत त्याच वेळी जमिनीवरचं केंद्रही असावं लागतं. भरसमुद्रात ते मिळेलच असं नाही.

माझं मत विचाराल तर खोल दऱ्या, उंच डोंगर किंवा ध्रुवांकडचा प्रदेश असेल तर इरिडियम. सपाट, उघडा प्रदेश असेल तर इन्मारसॅट चांगलं चालतं आणि त्याची बॅटरीही जास्त टिकते.

परवाना

कित्येक देशांत सॅटेलाइट फोनवर निर्बंध आहेत. भारतात दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय तो बाळगता किंवा वापरता येत नाही. परदेशात रीतसर विकत घेतलेला फोन सामानात सापडल्यामुळे विमानतळावर प्रवाशांना ताब्यात घेतल्याच्या घटना घडल्या आहेत. गार्मिन इनरीचसारखी फक्त संदेश पाठवणारी उपकरणंही या कचाट्यात सापडतात. ज्या देशात जायचं तिथला आणि वाटेत विमान बदलायचं तिथलाही नियम आधी पाहा. परवानगी मिळत नसेल तर फोन नेऊ नका आणि मोहिमेची आखणी फोनशिवाय करा.

निघण्याआधी

फोन हातात आला की त्याच दिवशी गच्चीवर किंवा मैदानात जाऊन खरा कॉल करून पाहा. मित्राला करा, घरी करा, कुणालाही करा. सिम चालू आहे का, पिन मागतंय का, प्रीपेड मिनिटांची मुदत मोहीम संपेपर्यंत आहे का, हे सगळं त्या एका कॉलमध्ये कळतं. मिनिटं शिल्लक असूनही मुदत संपल्यामुळे फोन मुका होऊ शकतो. तुकडीतल्या प्रत्येकाने स्वतःच्या हाताने एक कॉल करावा, कारण पाय मोडणारा नेमका 'फोनवाला' असू शकतो.

आता नंबर. इथे नवखे हमखास अडकतात. मोबाइलवरून ११२ लावला की तो जवळच्या केंद्रात जातो, कारण तुम्ही कुठल्या टॉवरखाली आहात हे नेटवर्कला माहीत असतं. सॅटेलाइट फोनचा कॉल भलत्याच देशात उतरतो. इरिडियमचं मुख्य व्यावसायिक केंद्र अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोना राज्यात आहे. काही सेवांवर ११२ किंवा ९११ लागतो, पण पलीकडे उचलणारा माणूस तुमच्या डोंगरापासून हजारो किलोमीटर दूर बसलेला असू शकतो आणि तुमच्याकडे हेलिकॉप्टर कोण पाठवतं हे त्याला शोधावं लागतं. त्यामुळे तीन आकडी नंबरावर भिस्त ठेवू नका. ज्या भागात जाताय तिथल्या शोध व बचाव केंद्राचा पूर्ण नंबर मिळवा. समुद्रावर जात असाल तर त्या सागरी क्षेत्राची जबाबदारी असलेल्या बचाव समन्वय केंद्राचा घ्या, कारण सगळे महासागर अशा क्षेत्रांत वाटून दिलेले आहेत. सोबत विमा कंपनीच्या आपत्कालीन कक्षाचा नंबर, एका डॉक्टरांचा आणि घरी बसलेल्या एका शांत डोक्याच्या माणसाचा नंबर ठेवा. या शेवटच्या माणसाकडे तुमचा मार्ग, तुकडीची नावं, रक्तगट आणि विम्याचे कागद असू द्या. तुमचा एकच कॉल लागला आणि तो त्याच्यापर्यंत पोहोचला, तरी पुढची फोनाफोनी तो चालू फोनवरून, चार्जरला लावून, निवांत करू शकतो.

नंबर साठवताना अधिकचं चिन्ह किंवा दोन शून्यं, मग देशाचा कोड, मग नंबर असा क्रम ठेवा. देशांतर्गत फोनसाठी लावतात ते सुरुवातीचं शून्य सहसा गाळावं लागतं. टोल-फ्री नंबर सॅटेलाइट फोनवरून पुष्कळदा लागतच नाहीत, त्यांचा साधा पर्यायी नंबर मागून घ्या. आणि प्रत्येक नंबर एकदा लावून पाहा. बचाव केंद्राला उगाच फोन कसा करायचा, असा संकोच वाटेल. दिवसा, कामकाजाच्या वेळेत लावा, मोहिमेची माहिती द्या आणि नंबर बरोबर आहे ना एवढं विचारा. आगाऊ माहिती दिलेली त्यांनाही हवीच असते.

काही फोनवर लाल एसओएस बटण असतं, उदाहरणार्थ इरिडियम ९५७५ वर झाकणाखाली. इन्मारसॅटच्या आयसॅटफोन २ वरही मदतीचं बटण आहे. ते दाबल्यावर संदेश कुणाला जाणार आणि कॉल कुठे लागणार, हे आधी नोंदवावं लागतं. भाड्याच्या फोनवर ते मागच्या गिऱ्हाइकाच्या नावे राहिलेलं असू शकतं. तपासा.

शेवटी एक कार्ड. जाड कागदाच्या वीतभर तुकड्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि प्लास्टिकमध्ये घालून फोनलाच बांधा. त्यावर फोन चालू करण्याच्या पायऱ्या, तुमच्या सॅटेलाइट फोनचा स्वतःचा नंबर, वरचे सगळे नंबर आणि काय बोलायचं त्याचा क्रम हवा. स्वतःचा नंबर लिहा म्हणतोय ते मुद्दाम. इरिडियमचा नंबर ८८१६ ने सुरू होणारा बारा आकडी असतो, तो कुणाला पाठ नसतो आणि पलीकडच्या फोनवर दिसेलच याची शाश्वती नसते.

आकाश शोधणं

सॅटेलाइट फोनला उघडं आकाश लागतं. ढग, पाऊस, बर्फ यांनी फारसा फरक पडत नाही, कारण हे फोन ज्या लहरींवर चालतात त्या त्यातून आरपार जातात. त्यामुळे आभाळ भरून आलंय म्हणून थांबू नका. अडथळा होतो तो कातळाचा, पत्र्याचा, गाडीच्या टपाचा, काँक्रीटच्या छताचा आणि दाट झाडीचा, त्यातही पावसाने भिजलेल्या पानांचा. तंबूचं पातळ कापड सहसा आड येत नाही, पण बाहेर पडता येत असेल तर बाहेरच या.

इरिडियमवर अँटेना पूर्ण ओढून काढा आणि फोन कानाला लावल्यावर ती सरळ आभाळाकडे उभी राहील अशी वळवा. बोलता बोलता मान कलते, फोन आडवा होतो आणि आवाज तुटायला लागतो. सवय नसलेल्या प्रत्येकाचं हे होतं. दरीच्या तळाशी असाल आणि रेंजची दांडी दिसत नसेल तर पाच-दहा मिनिटं जागेवर थांबून पाहा. आकाशाच्या त्या चिंचोळ्या पट्टीतून उपग्रह जाईल तेवढ्यापुरती रेंज येते. नंबर आधीच दाबून ठेवा, रेंज आली की हिरवं बटण.

इन्मारसॅटचं तसं नाही. इथे वाट पाहून काही होत नाही, जागा बदलावी लागते. उपग्रह विषुववृत्तावर आहे, म्हणून उत्तर गोलार्धात तो दक्षिणेकडे शोधायचा, दक्षिण गोलार्धात उत्तरेकडे. ३० अंश अक्षांशावर तो बरोबर दक्षिणेला असेल तर क्षितिजापासून साधारण ५५ अंशांवर असतो, ६० अंशांवर मात्र जेमतेम २२ अंशांवर. म्हणजे तिथे दक्षिणेला एखादी टेकडी असली तरी संपलं. अशा वेळी दरीच्या उत्तरेकडच्या उतारावर चढा, तिथून दक्षिण मोकळी दिसते. अँटेना आभाळाकडे सरळ न धरता उपग्रहाच्या दिशेला रोखा आणि रेंज पाहत सावकाश फिरा. आणखी एक गोष्ट, आयसॅटफोन आधी जीपीएसवरून स्वतःची जागा शोधतो आणि मगच नेटवर्कला जोडला जातो. चालू केल्यावर काही मिनिटं 'शोधत आहे' असं दिसलं तर घाबरून बंद-चालू करत बसू नका. तसं केलं की शोध पुन्हा पहिल्यापासून.

कॉल

आधी स्वतः सुरक्षित जागी या आणि जखमी माणसाचा रक्तस्राव, श्वास यांकडे बघा. मग कागद-पेन्सिल घ्या आणि दोन मिनिटं खर्चून सगळं लिहून काढा. ही दोन मिनिटं वाया जात नाहीत, कारण मनातल्या मनात जुळवलेलं वाक्य पलीकडून 'हॅलो' आल्यावर सुटतं. केंद्रातल्या माणसाला जी भाषा येते त्या भाषेत लिहा.

बोलण्याचा क्रम असा ठेवा, कॉल कधीही तुटेल हे धरून:

१. ही आपत्कालीन स्थिती आहे, मी सॅटेलाइट फोनवरून बोलतोय, माझा नंबर हा.
२. आम्ही इथे आहोत: अक्षांश, रेखांश, उंची आणि जवळची ओळखीची खूण.
३. काय झालं आणि कधी.
४. किती माणसं, किती जखमी, प्रत्येकाची अवस्था.
५. काय हवंय, आणि आमच्याकडे काय आहे: तंबू, अन्न, औषधं, किती वेळ तग धरू शकतो.
६. हवामान: वारा, ढग, किती दूरचं दिसतंय, हेलिकॉप्टर उतरेल अशी सपाट जागा, आजूबाजूला तारा किंवा केबल.

पहिले दोन मुद्दे बोलून झाले की थांबा आणि ते वाचून दाखवायला सांगा. बाकीचं सगळं तुटलं तरी चालेल, ही दोन वाक्यं पोहोचली पाहिजेत.

अक्षांश-रेखांशाबद्दल जरा सविस्तर, कारण शोधपथक भलत्या दरीत जातं ते यामुळे. एकच जागा तीन पद्धतींनी लिहिता येते: दशांश अंश, अंश व दशांश मिनिटं, किंवा अंश-मिनिटं-सेकंद. समजा जीपीएसवर ३०.३० अंश उत्तर असं दिसतंय आणि तुम्ही 'तीस, तीस' म्हणालात. पलीकडच्याने ते ३० अंश ३० मिनिटं असं लिहून घेतलं. ३०.३० अंश म्हणजे ३० अंश १८ मिनिटं. फरक १२ मिनिटांचा, म्हणजे उत्तर-दक्षिण दिशेत सुमारे २२ किलोमीटर. डोंगरात हे अंतर म्हणजे दुसरं खोरं. म्हणून असं सांगा: 'दशांश अंशांत सांगतोय. तीन, शून्य, दशांश चिन्ह, तीन, शून्य, उत्तर.' एकेक आकडा सुटा, आणि शेवटी उत्तर की दक्षिण, पूर्व की पश्चिम. दशांश चिन्हानंतर चार आकडे असतील तर जागा दहाएक मीटरपर्यंत नेमकी होते, त्याहून जास्त वाचण्यात अर्थ नाही. घरून निघतानाच फोन, जीपीएस आणि सगळ्यांचे मोबाइल एकाच पद्धतीवर लावून ठेवा आणि ती पद्धत कार्डावर लिहा.

आवाज उशिरा पोहोचतो हेही लक्षात असू द्या. भूस्थिर, म्हणजे इन्मारसॅटसारख्या एकाच जागी थांबल्यासारख्या दिसणाऱ्या, उपग्रहापर्यंत वर आणि तिथून खाली यायला सिग्नलला पाव सेकंद लागतो, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्या सेकंदाच्या आत येऊच शकत नाही. त्या शांततेत आपण 'हॅलो, हॅलो' म्हणतो, पलीकडचाही म्हणतो आणि दोघांचे शब्द एकमेकांवर आदळतात. छोटं वाक्य बोला, थांबा, ऐका. वायरलेससारखं वाक्याच्या शेवटी 'ओव्हर' म्हणायला लाजू नका.

फोन ठेवण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: बोलणाऱ्याचं नाव, थेट नंबर आणि पुढचा संपर्क किती वाजता. वेळ कुठल्या देशाच्या घड्याळाप्रमाणे, हेही.

कॉल झाल्यावर

आता बॅटरी जपायची. इरिडियम ९५५५ ची बॅटरी कंपनीच्या आकड्यांनुसार नुसती चालू ठेवून ३० तास आणि बोलण्यासाठी ४ तास टिकते, आयसॅटफोन २ ची १६० आणि ८ तास. हे आकडे उघड्या आभाळाखालचे आहेत. झाडीत फोन सतत नेटवर्क शोधत राहतो आणि बॅटरी त्याहून बरीच लवकर उतरते. थंडीत लिथियम बॅटरी आणखी लवकर मान टाकते. म्हणून फोन आणि जादा बॅटरी दोन्ही कपड्यांच्या आत, अंगाच्या उबेला ठेवा. ठरलेल्या वेळी बाहेर काढा, उघड्यावर या, अँटेना काढा, दहा-पंधरा मिनिटं चालू ठेवा आणि बंद करा. फोन चालू आहे पण खिशात अँटेना मिटलेली, अशा स्थितीत बचाव पथकाचा कॉल तुमच्यापर्यंत बहुधा येणारच नाही.

या काळात घरच्यांना फोन करायचा मोह आवरा. त्यांना कळवायचं काम त्या शांत डोक्याच्या माणसाचं.

आणि जागा सोडू नका. दरड, पूर, हिमप्रपात अशा कारणाने हलावंच लागलं तर हलण्याआधी नवी जागा कळवा.

आवाज जात नसेल तर

एसएमएस पाठवा. कॉल टिकायला जितका वेळ स्थिर रेंज लागते त्याच्या कितीतरी कमी वेळात मजकूर निघून जातो. वरचे पहिले तीन मुद्दे एकाच संदेशात बसवा. असा मजकूर आधीच मसुद्यात साठवून ठेवला तर गारठलेल्या बोटांनी फक्त आकडे भरायचे उरतात.

सप्टेंबर २०१८ मध्ये गोल्डन ग्लोब शर्यतीत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी यांची बोट दक्षिण हिंद महासागरातल्या वादळात उलटीपालटी झाली, डोलकाठ्या मोडल्या आणि त्यांच्या पाठीला जबर दुखापत झाली. मुख्य सॅटेलाइट फोन निकामी झाला होता. दुसरा इरिडियम फोन आपत्कालीन पिशवीत होता, पण बिछान्यावरून उठता येत नसल्याने त्या पिशवीपर्यंत हात पोहोचत नव्हता. हाताशी राहिलं ते फक्त मजकूर पाठवणारं छोटं उपकरण. त्यावरून बोट उलटली, डोलकाठी गेली, पाठीला गंभीर इजा, उठता येत नाही, एवढंच त्यांनी कळवलं. काय झालं आणि अवस्था काय, हे सगळं त्या तुटक शब्दांत होतं. तीन दिवसांनी फ्रान्सच्या 'ओसिरिस' या मत्स्यगस्ती जहाजाने त्यांना सोडवलं.

यातून फोनच्या जागेबद्दल एक गोष्ट घ्या. फोन सॅकच्या तळाशी नको, पडून असताना एका हाताने काढता येईल अशा जागी हवा: छातीवरच्या खिशात किंवा कमरेच्या पट्ट्याला. आणि दोन साधनं असतील तर दोन वेगवेगळ्या माणसांकडे द्या. एकटे असाल तर दोन वेगळ्या जागी.

दुसरं साधन म्हणून मी व्यक्तिगत लोकेटर बीकन सुचवेन. तो ४०६ मेगाहर्ट्झवर कॉस्पस-सारसॅट या आंतरराष्ट्रीय यंत्रणेच्या उपग्रहांना इशारा देतो, एकदा सुरू केला की किमान २४ तास चालतो आणि त्याला मासिक भाडं लागत नाही. त्यावर बोलता येत नाही, म्हणून तो फोनची जागा घेत नाही, पण बेशुद्ध पडण्याआधी झाकण उघडून एक बटण दाबता आलं तरी पुरतं. तो संबंधित देशाच्या यंत्रणेकडे नोंदवलेला मात्र हवा, नाहीतर इशारा कुणाचा हे शोधण्यात वेळ जातो. फक्त १२१.५ मेगाहर्ट्झवर चालणारा जुना बीकन कुणी फुकट देत असेल तर घेऊ नका. १ फेब्रुवारी २००९ पासून उपग्रह ती लहर ऐकतच नाहीत. आयफोन १४ पासून पुढच्या फोनमध्ये उपग्रहावरून मदत मागायची सोय आहे, पण ती मजकुरापुरती आणि ठरावीक देशांपुरती आहे. असेल तर उत्तम, तिच्या भरवशावर निघू नका.

राहिला चुकून दिलेला इशारा. सॅकमध्ये बटण दाबलं गेलं, कुणी चाळा म्हणून दाबलं, किंवा मदत मागितल्यावर वाट सापडली आणि सगळे सुखरूप खाली आले. अशा वेळी शरमेने फोन बंद करून गप्प बसणं सगळ्यात वाईट, कारण इशारा येऊन मग शांतता पसरली तर पलीकडचे त्याचा अर्थ परिस्थिती बिघडली असाच लावतात आणि वाऱ्यापावसात पथक निघतं. त्याच केंद्राला लगेच फोन करा, आपलं नाव, नंबर आणि जागा सांगा, इशारा रद्द करायचा आहे म्हणा. 'नोंद घेतली, रद्द केलं' असं त्यांच्या तोंडून ऐकल्यावरच फोन ठेवा.